मेंदू, अभ्यास आणि मुलांची वाढ: पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी ऐरोलीत मुलांचा वाचन-लेखनाचा वर्ग घेते, आठवड्यातून दोनदा ठाण्यालाही. पालक भेटले की, व्हॉट्सअ‍ॅपवर, मीटिंगला, अगदी स्टेशनच्या पुलावर घाईत असतानाही, मेंदूबद्दल तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतेय. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही, तेव्हा आजाराची शंका असेल तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. आणि माझं मत आधीच सांगून टाकते. मेंदूच्या नावाने जे महागडे कोर्स विकले जातात त्यातल्या बहुतेकांना मेंदूच्या संशोधनाचा आधार नाही. ज्या गोष्टींना खरा आधार आहे, म्हणजे मुलाशी बोलणं, पुरेशी झोप, पुस्तक मिटून आठवून बघणं, मायेचं माणूस जवळ असणं, त्यांना जवळपास पैसेच लागत नाहीत.

शिकताना मेंदूत नक्की होतं काय?

मोठ्या माणसाच्या मेंदूत साधारण ८६ अब्ज चेतापेशी असतात. शिकताना नव्या पेशींची भर पडत नाही म्हटलं तरी चालेल, बदलतात ते पेशींमधले जोड. जो जोड वारंवार वापरला जातो तो पक्का होतो, वापरात नसलेला कमजोर पडतो. डोनाल्ड हेब या कॅनडाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्येच हा विचार मांडला होता, पुढे प्रयोगशाळेत त्याला पुरावे मिळत गेले. लहान मुलाच्या मेंदूत हे जोड मोठ्यांपेक्षा बरेच जास्त असतात, पीटर हटनलोकर यांनी १९७० च्या दशकात मायक्रोस्कोपखाली अक्षरशः मोजून ते दाखवलं. वय वाढतं तशी नको असलेल्या जोडांची छाटणी होते. म्हणजे जोड जितके जास्त तितकी हुशारी जास्त असं काही नाही, छाटणी हा वाढीचाच भाग आहे. शिवाय पेशींच्या लांब तंतूंवर मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन चढत जातं, त्याने संदेश वेगाने जातात, आणि हे काम पार विशी ओलांडेपर्यंत चालू राहतं.

आमचा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. पहिली तीन वर्षं सगळ्यात महत्त्वाची म्हणतात, मग आमची वेळ गेली का?

नाही गेली. हा प्रश्न विचारताना आयांचा चेहरा पडलेला असतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

'सुरुवातीची वेळ गेली की गेली' या कल्पनेमागचं मूळ संशोधन डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांचं. त्यांनी मांजरीच्या पिल्लाचा एक डोळा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बंद ठेवला, नंतर उघडला, तरी त्या डोळ्याने पिल्लाला नीट दिसेना कारण मेंदूतली त्या डोळ्याची जागा दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजरीचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर असं काही होत नाही. या कामासाठी त्यांना १९८१ चं नोबेल मिळालं. म्हणूनच लहान मुलाचा तिरळेपणा किंवा मोतीबिंदू लवकर बघायचा असतो, तिथे खरंच वेळेला किंमत आहे. पण हे नजरेबद्दल झालं. पाढे, वाचन, चित्रकला, पोहणं यांना अशी घट्ट मुदत असल्याचा पुरावा नाही. कुठल्या तरी जाहिरातवाल्याने मांजरीच्या डोळ्याचं उदाहरण घेऊन 'तीन वर्षांच्या आत अ‍ॅडमिशन घ्या' म्हणणं चुकीचं आहे, अमेरिकेत जॉन ब्रुअर यांनी १९९० च्या दशकातच यावर स्पष्ट लिहिलं होतं.

आणि नजरेच्या बाबतीतही दार पूर्ण बंद होत नाही हे आपल्याच देशात दिसलं. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या, गरिबीमुळे उपचार न झालेल्या मुलांची ऑपरेशनं झाली, काही जण तर चांगले मोठे होते. पट्टी सुटल्यावर सुरुवातीला हाताने ओळखीची असलेली वस्तू त्यांना नुसती बघून ओळखता येत नव्हती. काही दिवसांतच यायला लागली. नजरेची बारीक स्पष्टता कमी राहिली हे खरं, पण बघायला ती शिकली.

पहिल्या वर्षांत खरी गरज कशाची असते ते रुमानियाच्या अभ्यासात दिसतं. बुखारेस्टमध्ये २००० साली अनाथालयातल्या १३६ बाळांवर अभ्यास सुरू झाला, त्यातल्या निम्म्यांना चिठ्ठी टाकल्यासारखं निवडून कुटुंबांत ठेवलं. जी मुलं साधारण दोन वर्षांच्या आत घरात गेली त्यांची वाढ, बुद्ध्यांक, माणसांशी जुळणारं नातं, सगळं जास्त सावरलं. अनाथालयात दूध-कपडे मिळत होते, पण रडल्यावर उचलून घेणारं, बघून हसणारं, हाकेला ओ देणारं एक ठरलेलं माणूस मिळत नव्हतं. तुमच्या साडेचार वर्षांच्या मुलाला ते माणूस आहे. निश्चिंत राहा.

घरात मराठी, आजी मालवणी बोलते, शाळा इंग्रजी. मुलाचा गोंधळ होणार नाही का?

नाही होत. मूल एका वाक्यात दोन-तीन भाषा मिसळतं, ते गोंधळल्याचं लक्षण नाही, दोन भाषा येणारी मोठी माणसंही दिवसभर तेच करतात.

इथे एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना दोन्हींतला फरक छान कळत होता, आणि वर्षाची होईपर्यंत तीच क्षमता बरीच ओसरली, कारण त्यांच्या घरात तो फरक कधी कानावर पडतच नव्हता. म्हणजे मूल बोलायच्या कितीतरी आधी त्याचा मेंदू घरातल्या आवाजांप्रमाणे घडायला लागलेला असतो. आजी मालवणीत गाऱ्हाणं घालते, बाबा मराठीत ओरडतात, आई हिंदीत भाजीवाल्याशी घासाघीस करते, ते सगळं बाळ टिपत असतं.

तेव्हा ज्या भाषेत तुम्हाला मोकळेपणी रागावता येतं, लाड करता येतात, गोष्ट सांगता येते त्या भाषेत बोला. तुटक्या इंग्रजीत 'बेबी, ईट, कम, सिट' एवढंच बोललात तर मुलाच्या कानावर भाषाच कमी पडते, हे मी डोळ्यांनी बघतेय आणि मला याचं फार वाईट वाटतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून किंवा घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं.

मग भाषा शिकवणारे व्हिडिओ लावले तर?

पॅट्रिशिया कुल यांनी २००३ मध्ये हेच तपासलं. अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषा बोलणारं माणूस १२ वेळा समोर बसून खेळलं, तर बाळांना त्या भाषेतले आवाज ओळखता यायला लागले. दुसऱ्या गटाला त्याच माणसाचं तेच बोलणं डीव्हीडीवर दाखवलं, तिथे शिकणं शून्य. बाळ माणसाकडून शिकतं, माणूस त्याच्या नजरेकडे बघून थांबतो, हसतो, परत बोलतो आणि स्क्रीन यातलं काही करत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना अशी आहे की पहिलं वर्ष स्क्रीन अजिबात नको, दोन वर्षांपर्यंतही टाळाच, दोन ते चारमध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. गावच्या आजोबांशी व्हिडिओ कॉल वेगळा, तिथे पलीकडे खरं माणूस उत्तर देतंय.

गरोदरपणात किंवा बाळाला मोझार्ट ऐकवू का?

आवडत असेल तर ऐका. मोझार्टने बुद्धी वाढते म्हणतात, त्यामागचा मूळ अभ्यास १९९३ चा, ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचा, बाळांवरचा नव्हेच, आणि कागदाच्या घड्यांसारख्या कोड्यांत जो थोडा फायदा दिसला तो १०-१५ मिनिटांत गेला. त्यावरून १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात नव्या बाळांना सीडी वाटायचं ठरलं. अंगाई म्हणा, तुमचा आवाज बाळाला ओळखीचा आहे.

मुलगी राइट ब्रेन आहे असं एका टेस्टमध्ये आलंय.

मेंदूचे दोन अर्धगोल काही कामं वाटून घेतात हे खरं, भाषेचा बराचसा भाग बहुतेकांमध्ये डावीकडे असतो, आणि रॉजर स्पेरी यांना दोन अर्धगोलांच्या कामाबद्दल १९८१ मध्ये नोबेलही मिळालं (ह्यूबेल-वीझल यांच्याबरोबर त्याच वर्षी). पण त्यांनी अभ्यासलेल्या माणसांच्या मेंदूंमधला जोडच ऑपरेशनने कापलेला होता. तुमच्या मुलीचा जोड शाबूत आहे. २०१३ मध्ये युटा विद्यापीठाने हजाराहून जास्त लोकांचे स्कॅन तपासले, कुणी डाव्या मेंदूचा आणि कुणी उजव्या असं सापडलं नाही.

'आपण मेंदूचा १० टक्केच वापरतो' हेही तसंच खोटं आहे.

बोटांच्या ठशांवरून करिअर सांगणारी टेस्ट करावी का? मॉलमध्ये स्टॉल होता.

करू नका. बोटांवरच्या रेषा आईच्या पोटात असतानाच ठरून जातात आणि पुढे बदलत नाहीत, मेंदू मात्र रोज बदलतो, मग ठशात गणिताची आवड कुठून दिसणार. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनेही या टेस्टला शास्त्रीय आधार नाही असं सांगितलंय. मला पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीची काळजी वाटते. आठ वर्षांच्या मुलासमोर 'याचं लॉजिक वीक आहे' असं छापील कागदावरून वाचलं जातं आणि मग ते मूल गणिताची वही उघडताना आधीच हरलेलं असतं.

मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन? डोळे बांधून मुलं वाचतात ते आम्ही स्वतः बघितलंय.

मिडब्रेन म्हणजे मध्यमेंदू, प्रत्येकाचा जन्मापासून चालूच असतो, डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे मान वळणं अशी कामं तो करतो, बंद पडला तर माणूस जागा राहणार नाही. पट्टी बांधली तरी नाकाच्या बाजूला फट राहते आणि मुलं त्यातून खाली बघतात. म्हणून तर कागद नेहमी नाकाखाली धरलेला असतो. नरेंद्र नायक आणि इतर विवेकवादी कार्यकर्त्यांनी ही फट नीट बंद करून दाखवलीय, की वाचन थांबतं. मुलाला 'तुला दिसलं ना?' असं सगळ्यांसमोर विचारलं जातं, पैसे भरलेले आईबाप समोर असतात, ते हो म्हणतं. लहान मुलाला खोटं बोलायची अशी सवय लावणं मला अजिबात मान्य नाही.

अबॅकसने मेंदू तल्लख होतो का?

याचं उत्तर थोडं हो, थोडं नाही. वडोदऱ्याच्या एका शाळेत डेव्हिड बार्नर आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षं अभ्यास केला, काही मुलांना अबॅकस शिकवलं, काहींना जास्तीचं नेहमीचं गणित (२०१६ मध्ये प्रसिद्ध). अबॅकसवाल्यांची आकडेमोड सुधारली. पण स्मरणशक्ती, एकाग्रता वगैरे एकंदर बुद्धीत फरक पडला नाही. जे शिकाल तेच येतं, हा नियम मेंदूच्या संशोधनात परत परत दिसतो. आणि उलट बाजूनेही दिसतो: २०२५ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि इतरांनी कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांबद्दल प्रसिद्ध केलं की ही मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशोब तोंडी बरोबर करतात आणि तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की अडतात, तर शाळेत जाणाऱ्यांचं बाजारात अडतं. म्हणून अबॅकस लावा नाहीतर नका लावू, पण मुलाला किराणा दुकानात पाठवा, सुटे पैसे मोजू द्या आणि घरी आल्यावर तोच हिशोब वहीत लिहायला सांगा.

खूप वेळ वाचतो, पण परीक्षेत काही आठवत नाही. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि संशोधनाकडे याचं उत्तर सगळ्यात पक्कं आहे.

विसरण्याचा पहिला नीट अभ्यास जर्मनीच्या हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये छापला, स्वतःवरच प्रयोग करून. अर्थहीन अक्षरसमूह पाठ करायचे आणि कधी किती विसरलो ते मोजायचं. पहिल्या तासा-दिवसात झपाट्याने विसरतो, नंतर वेग कमी होतो, आणि पाठ करणं थोडं थोडं वेगवेगळ्या दिवशी विभागलं तर कमी मेहनतीत जास्त टिकतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी परत वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा परत वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्याने उलटं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं आणि परत वाचणाऱ्यांना ४२. परत वाचताना ओळखीचं वाटतं म्हणून 'येतंय' असं वाटतं. खरा जोड पक्का होतो तो मेंदूला ती गोष्ट शोधून बाहेर काढायला लावली की.

माझ्याकडे चौथीतला एक मुलगा अफझलखान वधाचा धडा चार वेळा मोठ्याने वाचायचा, सगळ्या ओळी पिवळ्या केलेल्या. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि कोरा कागद दिला, म्हटलं आठवेल ते लिही, चुकलं तरी चालेल. 'प्रतापगड' लिहिलं, 'वाघनखं' लिहिलं, मग पेन्सिल तोंडात घालून बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मी काही बोलले नाही. मग 'जिवा महाला' लिहिलं आणि त्याच्या खाली प्रश्नचिन्ह. पुस्तक उघडून ताडून बघितलं, सुटलेलं लाल पेनाने भरलं. दोन दिवसांनी परत कोरा कागद, मग पुढच्या आठवड्यात परत. खिडकीबाहेर बघत बसलेला तो वेळ वाया गेलेला नाही, शिकणं तिथेच चालू असतं, आणि नेमक्या त्याच वेळी आपण मोठी माणसं 'अरे लिही ना' म्हणून उत्तर सांगून टाकतो. प्लीज सांगू नका, थांबा.

सायकल एकदा आली की जन्मभर येते, मग पाढे का विसरतात?

कारण मेंदूत स्मृतींचे वेगवेगळे मार्ग आहेत. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या गेलेल्या रुग्णाचं १९५३ मध्ये फिट्ससाठी ऑपरेशन झालं, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला गेला, त्यानंतर त्याला नवीन प्रसंग, नवीन माणसं लक्षातच राहीनात. पण ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी काढायला शिकवली तर रोज हात सुधारत गेला, काल आपण हे केलं होतं याची आठवण नसतानाही. हाताचं कसब एका मार्गाने बसतं, माहिती दुसऱ्या. पाढ्यांना म्हणूनच अधूनमधून उजळणी लागते.

मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, त्याला फक्त चित्रांतून शिकवू का?

आवड असू शकते. पण मुलाच्या 'स्टाइल'प्रमाणे शिकवलं की जास्त येतं याचा भक्कम पुरावा नाही, पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सगळे अभ्यास तपासून हेच सांगितलं. नकाशा सगळ्यांनाच बघून कळतो आणि कविता सगळ्यांनाच ऐकून.

वाचायला लागताना मेंदूत काय होतं? मराठी वाचन इंग्रजीपेक्षा सोपं की अवघड?

माणूस बोलतोय लाखो वर्षं असं धरलं तरी लिहितोय जेमतेम पाच हजार वर्षं, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मजात जागा नाही. फ्रान्सचे स्टानिस्लास देहाने यांनी दाखवलंय की वाचायला शिकताना चेहरे-वस्तू ओळखणाऱ्या भागाजवळचा एक तुकडा अक्षरांसाठी तयार होतो आणि भाषेच्या भागांशी जोडला जातो. मोठेपणी शिकलं तरी बदल होतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी शिकवून आधीचे-नंतरचे स्कॅन घेतले, २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं, आणि मेंदूच्या खोल भागांचा नजरेच्या भागाशी संपर्क वाढलेला दिसला. तिशीतल्या, कधी पाटी न धरलेल्या बायका. मला हा अभ्यास फार जवळचा वाटतो.

देवनागरीचं म्हणाल तर अक्षर आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजीपेक्षा सरळ आहे, 'क' कुठेही 'क'च. पण पानावरची मांडणी सरळ रेषेत नाही. 'पिवळा' वाचताना वेलांटी डोळ्याला आधी दिसते आणि तोंडात नंतर येते, उकार खाली, मात्रा वर, रफार तर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाला हिंदी वाचताना मेंदूचे दोन्ही अर्धगोल कामाला लागलेले दिसले, त्याचा संबंध त्यांनी या मांडणीशी लावला. म्हणून पहिली-दुसरीतलं मूल 'सूर्य' वर अडखळलं तर चिडू नका, काम खरंच अवघड आहे.

अक्षर गिरवून घेण्याबद्दलही सांगते. कॅरिन जेम्स यांनी २०१२ मध्ये पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांना काही अक्षरं हाताने लिहायला, काही गिरवायला, काही टाइप करायला दिली. नंतर अक्षरं बघताना वाचनाचे भाग जागे झाले ते मुख्यतः स्वतः लिहिलेल्या अक्षरांसाठी. गिरवणं सुरुवातीला ठीक, पण लवकरच कोऱ्या जागी स्वतः काढू द्या. वाकडा-तिकडा 'अ' आला तरी येऊ द्या.

तिसरीत आहे, हुशार आहे, पण वाचता येत नाही. आळशी आहे का?

आळशी म्हणू नका, आधी तपासून घ्या. डोळे, कान, मग डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकताना येणारी खास अडचण. डिस्लेक्सिया बुद्धीशी संबंधित नाही. आपल्या भाषांसाठी डाली नावाची चाचणी मानेसरच्याच केंद्रात तयार झाली आणि ती मराठीतही आहे, म्हणजे मुलाला फक्त इंग्रजीत तपासून निष्कर्ष काढायची गरज नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता धरलेली आहे, त्यामुळे बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ वगैरे सवलती मिळू शकतात. आपल्याकडचे बरेच पालक तपासणीसाठी सायन हॉस्पिटलला जातात. नंबर लागायला वेळ जातो तेव्हा दहावीपर्यंत थांबू नका.

एका जागी बसतच नाही. एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असेल?

पाच वर्षांचं मूल एका जागी बसत नाही हे नॉर्मल आहे. त्रास घरी आणि शाळेत दोन्हीकडे, बराच काळ होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. फिलिप शॉ यांच्या २००७ च्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांच्या मेंदूचा बाहेरचा थर इतरांसारख्याच क्रमाने वाढताना दिसला, फक्त सरासरी तीनेक वर्षं उशिरा. मुद्दाम करतो असं नसतं.

रात्री किती झोप हवी? आमच्याकडे बाबाच दहाला येतात.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तेरा ते अठराला ८ ते १०. झोपेत मेंदू दिवसभराचं शिकलेलं परत उजळवतो आणि पक्कं करतो, म्हणून रात्री जागून केलेला अभ्यास सकाळी पातळ होतो. सीएसएमटीहून लोकल पकडून बाबा दहाला घरी, मग मूल त्यांच्यासाठी जागं, आणि सकाळी साडेसहाची स्कूल बस, ही ओढाताण आपल्या इथल्या घराघरात आहे आणि मुलाला बाबा भेटायलाच हवेत हेही मला कळतं. काही घरांनी गप्पांची वेळ सकाळी आणलीय, बाबा बसपर्यंत सोडायला जातात. शनिवार-रविवारी दुपारी झोपू द्या.

विमानतळ सुरू झाला, इकडे मेट्रोचं काम. आवाजाने अभ्यासावर परिणाम होतो का?

होतो, आणि याकडे आपण फार कमी लक्ष देतो. न्यूयॉर्कमध्ये एक शाळा उन्नत रेल्वेमार्गाला लागून होती. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं की रुळांच्या बाजूच्या वर्गातली मुलं त्याच शाळेतल्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात मागे होती, सहावीत तर जवळपास वर्षभराने. मग रुळांखाली रबरी पॅड आणि वर्गात आवाज शोषणारं छत बसवलं, तेव्हा फरक गेला. म्युनिकमध्ये १९९२ ला जुना विमानतळ बंद होऊन नवा सुरू झाला, तेव्हा नव्याजवळच्या मुलांचं वाचन आणि दीर्घकालीन स्मरण घसरलं, जुन्याजवळच्यांचं सुधारलं.

उलवे, खारघरकडच्या आणि इकडे घोडबंदर रोडवरच्या शाळांच्या पालकसभेत हा विषय काढायलाच हवा. रस्त्याकडच्या खिडक्यांना दुहेरी काच, लहान मुलांचे वर्ग शांत बाजूला, एवढं मागता येतं. घरी अभ्यासाच्या वेळी टीव्हीवरची मालिका बंद.

आठवीतला मुलगा एकटा असताना शहाणा, मित्रांत काहीही करतो.

गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी २००५ मध्ये गाडी चालवायच्या व्हिडिओ गेमवर हेच बघितलं. मित्र बघत असताना किशोरवयीन मुलांनी जास्त धोके घेतले, मोठ्यांना मित्र असण्या-नसण्याने फरक पडला नाही. कपाळामागचा, आवर घालणारा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो, बक्षिसाला भुलणारा भाग आधीच जोरात असतो. शिवाय या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री अकराच्या आत झोप येत नाही हे नाटक नाही. व्याख्यान देऊ नका, पावसाळ्यात येऊरच्या धबधब्यावर कोण कोण जाणार, परत कधी येणार ते आधी ठरवून घ्या.

बदाम, ब्रेन टॉनिक द्यावं का?

बदाम खाऊ द्या, पण आधी लोह तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पाच वर्षांखालच्या ६७ टक्के मुलांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला, आणि लोह कमी पडलं तर लक्ष आणि शिकणं दोन्ही मंदावतं. पाचेक वर्षांच्या मुलाचा मेंदू आराम करताना लागणाऱ्या एकूण ऊर्जेतली जवळपास दोन तृतीयांश ऊर्जा एकटा घेतो, त्यामुळे उपाशी शाळेत पाठवू नका. नाचणी, पालेभाजी, डाळ, वर लिंबू, खात असाल तर मासे-अंडी आणि आयोडीनचं मीठ. टॉनिकचे पैसे वाचवा.

आजी ६८ वर्षांची आहे, तिला मोबाइलवर मराठी टाइप करायला शिकायचंय. जमेल या वयात?

जमेल. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना शहरातले हजारो रस्ते पाठ करून परीक्षा द्यावी लागते. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं दाखवलं आणि २०११ मध्ये शिकाऊंचा पाठपुरावा केला, तर पास झालेल्यांमध्येच वाढ दिसली, म्हणजे ती शिकण्यातून आली होती, आणि ही सगळी मोठी माणसं. साठीनंतर वेग कमी होतो, जास्त वेळा करून बघावं लागतं. आजीच्या हातातून मोबाइल काढून घेऊन तुम्हीच टाइप करून देऊ नका. रोज दहा मिनिटं, तिला हवं तेच, म्हणजे भिशीच्या ग्रुपवर मेसेज नाहीतर बहिणीला पत्र, आणि जोडाक्षर अडलं की आधी तिला शोधू द्या. नातवाला शेजारी बसवलंत तर दोघांचाही सराव होईल.